एक्कावन्नाव्या पानावरचा शब्द

किसन,

तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. या सतरा दिवसांत मी तुझ्याशी मनातसुद्धा नीट बोललो नाही. आणि तू होतास तेव्हा, गेली दोन वर्षं, रोज संध्याकाळी तुझ्या ओसरीत येऊन जे बोललो ते सगळं इकडचं तिकडचं. पाऊस, कापूस, तुझा खोकला, माझ्या वर्गातल्या पोरांची चमत्कारिक उत्तरं. जे बोलायचं ते सोडून बाकी सगळं. आता कागद पुढे घेऊन बसलोय तर हात अडतो. माझ्या अक्षराचं तू भारी कौतुक करायचास. 'मास्तर, तुझ्या अक्षरात खोटं बी खरं वाटतंय' असं म्हणून हसायचास. आता त्या हसण्याचीही मला शंका येते.

तुझं चरित्र मी लिहिणार नाही. जन्म कुठला, शिक्षण किती, शिक्षा किती महिन्यांची, हे तू तुझ्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवलंयस. तेही वकिलाने अर्जाच्या वर घालावं इतकं थोडक्यात. मला त्या पुस्तकातल्या एकाच शब्दाबद्दल लिहायचंय. त्या शब्दापायी तुझं नाव गेलं, तुझी माणसं गेली. तो शब्द तुझा नव्हता, माझा होता. हे वाक्य दोन वर्षांपूर्वी वालूरच्या बारवेवर तू विचारलंस तेव्हा मी बोलायला हवं होतं. तेव्हा बोललो नाही, म्हणून आज लिहितोय.

आपण दोघेही वालूरचे. तू कुणब्याच्या घरचा, मी पटवाऱ्याचा मुलगा. परभणीच्या मदरशात एका खोलीत राहून उर्दू शिकलो. तुला ती भाषा पाण्यासारखी आली. मला मात्र तिच्यापायी एवढ्या छड्या बसल्या की तिची अढी मनात कायमची राहिली. तू वकिलीची परीक्षा उर्दूत देऊन सेलूच्या कचेरीत उभा राहिलास. मी सेलूच्याच सरकारी शाळेत खालच्या वर्गांना मराठी शिकवायला लागलो. मधे एक वर्ष पुण्याला काढलं होतं. तेवढ्या वर्षाने मी कसा बिघडलो ते तू चारचौघांत रंगवून सांगायचास. 'मास्तर पुन्याला जाऊन आला आन् तवापासून ह्याला भूक लागत न्हाई, क्षुधा लागती.' लोक पोट धरून हसायचे आणि मी चिडायचो. खरं सांगू का, मनातून थोडा सुखावायचोही.

मग निजाम सरकारविरुद्धचा सत्याग्रह आला. बंदीहुकूम मोडून तू सेलूच्या बाजारात सभा घेतलीस आणि तुझ्यामागोमाग वालूरची नऊ माणसं जेलात गेली. मी गेलो नाही. सरकारी नोकरी आहे, घरात चार लेकरं आहेत, ही कारणं मी दिली आणि तू एका शब्दाने मला टोचलं नाहीस. त्या नऊ जणांत गयामावशीचा माणिक होता. एकुलता एक, नुकतंच लग्न ठरलेला. तुझ्या शब्दावर विसंबून आलेला. जेलात त्याला हगवण लागली आणि पाचव्या दिवशी तो तुझ्या मांडीवर गेला. त्याच आठवड्यात, सत्याग्रह चालवणाऱ्या बाहेरच्या समितीने तो थांबवला. सरकारशी बोलणी चालू झाली म्हणे. आत असलेल्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही. तू आतूनच चिठ्ठी पाठवून समितीतलं आपलं पद सोडलंस. पुढे तुझ्या छातीत दुखणं निघालं आणि डॉक्टरने लिहून दिल्यावर शिक्षा संपायच्या दोन महिने आधी तुला सोडलं.

सुटलास तेव्हा तू आधी तुझ्या घरी गेला नाहीस. वालूरला गेलास, गयामावशीच्या दारात. मी सोबत होतो. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची तुझी हिंमत होईना. ती बाहेर आली, तुझ्याकडे बघत राहिली. मग आत जाऊन गुळाचा खडा आणि माणिकच्या फुलपात्रात पाणी घेऊन आली. 'पी,' म्हणाली. 'लय वाळलास.' दुसरं काही नाही. तू ते पाणी प्यालास आणि तिथेच खाली बसून रडलास. तुला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. पुस्तक लिहायचं तू त्याच अंगणात ठरवलंस असं मला वाटतं. पुढारी आपली थोरवी सांगायला आठवणी लिहितात, आणि चाळिशीतल्या माणसाने कसल्या आठवणी लिहायच्या, असं मी तुला बोललोही होतो. तू म्हणालास, माणिक कसा गेला ते त्याच्या आईला कळायला नको का? तिच्यासमोर तोंडाने सांगायला माझी जीभ उचलत नाही.

त्या उन्हाळ्यात शाळेला सुट्टी होती. तू दुपारी ओसरीत लोडाला टेकून अंगात ताप असताना लिहायचास आणि मी समोर बसून ते उतरवून घ्यायचो. उतरवणं भागच होतं. हस्तलिखित पुण्याला छापायला जायचं होतं, आणि तुझं अक्षर सेलूच्या कचेरीत शिपायापासून मुन्सफापर्यंत सगळे ओळखत होते. वाटेत पकडलं गेलं असतं तर तू थेट पुन्हा आत. आणि ते अक्षर पुण्याच्या खिळे जुळवणाऱ्याला लागलं असतं की नाही, देव जाणे. तू मराठी लिहायचास तीही उर्दूच्या चालीने, फक्त ओळ डावीकडून सुरू व्हायची एवढंच.

आपली भांडणं व्हायची ती शब्दांवरून. तू लिहायचास फैसला, मी म्हणायचो निकाल लिही. तू मुलजिम, मी आरोपी. तू जेल, मी तुरुंग. पुण्याच्या लोकांना कळायला हवं, असं माझं म्हणणं. पुण्याच्या लोकांना घेऊन काय करू, वालूरला कळलं पाहिजे, असं तुझं. एकदा तू वैतागून लेखणी ठेवलीस. 'कचेरीचे शबूद कचेरीचेच ऱ्हाऊ दे, मास्तर. आपल्या मानसाची जिंदगी त्याच शब्दांवर चालती. उद्या तू त्याचं घर बी बदलून टाकशील.' मी मान हलवली. हो म्हणालो. आणि घरी जाऊन सगळं बदललं. तू वाचणार नव्हतास हे मला ठाऊक होतं, कारण छापखान्याची तपासायची पानं एका नातेवाइकाच्या हाती माझ्याकडे यायची ठरली होती. ती मीच वाचली आणि मीच परत पाठवली.

माणिकच्या मरणाचं प्रकरण तू तीन दिवसांत लिहिलंस. त्यातलं मी जवळजवळ काहीच बदललं नाही, बदलायची छातीच झाली नाही. शेवटचं वाक्य तेवढं असं होतं, की माणिक गेला त्याच्या आठव्या दिवशी जेलात असतानाच मी इस्तिफा लिहून दिला. कुणाला दिला, का दिला, हे तू मुद्दाम लिहिलं नव्हतंस. समितीवर बंदी होती. तिचं नाव छापलं तर पोलिसांच्या अमीनाला आयतीच माणसं सापडतील, आणि आपल्याच माणसांचं उणं पुस्तकात कशाला, असं तू म्हणालास. ज्याला कळायचं त्याला कळेल. कळलंही असतं. इस्तिफा माणूस आपल्या पदाचा देतो, पोलिसाला कुणी इस्तिफा देत नाही. आपल्याकडे हे शेरडं राखणाऱ्यालाही कळतं.

मी इस्तिफा खोडून तिथे राजीनामा लिहिलं. मला किती बरं वाटलं होतं! चांगला रुळलेला मराठी शब्द, पुण्यात पद सोडणारा प्रत्येक जण तो देतो. राजीनामाही मुळात फारसीच, हे माझ्यासारख्या भाषाशुद्धीवाल्याला त्या दुपारी सुचलं नाही. आणि आपल्या मुलखात कचेरीत राजीनामा कशाला म्हणतात हे आठवलं नाही. बांधावरून दोन भाऊ भांडतात, डोकी फोडतात, वर्षानुवर्षं तारखा खातात, आणि शेवटी थकून एकमेकांशी राजी होऊन कागद करतात. तो राजीनामा. तू वर्षभरात असे वीस कागद लिहायचास. मी मात्र साक्षीलाही कधी कचेरीची पायरी चढलो नव्हतो.

मग ठरल्याप्रमाणे तुझे मूळ कागद मी न्हाणीच्या चुलीत जाळले.

पुस्तक आलं तो दिवस आठवतो? लढाईमुळे कागद मिळत नव्हता, म्हणून पिवळट, खरखरीत, जेमतेम ऐंशी पानांचं. सरूवहिनी बहिणीच्या बाळंतपणाला म्हणून मनमाडला गेल्या आणि येताना पुस्तकं आत शिवलेल्या दोन जाडजूड गोधड्या घेऊन आल्या. हद्दीवर जकात घेणाऱ्या करोडगिरीच्या माणसाने गोधडी दाबून पाहिली आणि एवढी जड कशी म्हणून विचारलं. वहिनींनी ती त्याच्यापुढेच टाकली. 'बाळंतिनीखालची हाय. बघायची असंल तर उसवा.' त्याने झटकन हात मागे घेतला. हे सांगताना त्या स्वतः हसत नव्हत्या, म्हणून आपण जास्तच हसलो. तुझं ते शेवटचं मोकळं हसणं असावं.

पुण्याच्या एका साप्ताहिकात महिन्याभराने चार ओळी आल्या. निजामाच्या मुलखातल्या माणसाने इतकं शुद्ध मराठी लिहावं याचं त्यांना नवल वाटलं होतं. तो कागदाचा तुकडा मी कापून जपून ठेवला. तुला वाचून दाखवला तेव्हा तू नुसतं 'तुझं कौतुक हाय हे, मास्तर' असं म्हणालास. मला वाटलं विनयाने म्हणतोयस.

वालूरला पुस्तक वाचणारी माणसं किती? पण ऐकणारं सगळं गाव. अमावास्येला बैलांच्या मानेवर जू ठेवत नाहीत, माणसं मोकळी असतात. त्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर तुझ्या चुलतभावाने, जगनाथने, पुस्तक वाचायला घेतलं. मी तिथे नव्हतो, पण पुढे दहा तोंडांनी ऐकलं. गयामावशीला मुद्दाम पुढे बसवलं होतं. माणिक शेवटी पाणी मागत होता, तू त्याला पाणी पाजलंस, तो आईला काय निरोप देऊन गेला, सगळं तिने मान खाली घालून ऐकलं. बाया रडत होत्या. आणि मग जगनाथने ते वाक्य वाचलं. माणिक गेला त्याच्या आठव्या दिवशी तुरुंगात असतानाच मी राजीनामा लिहून दिला.

कुणीतरी विचारलं, 'कुनासंगं?'

जगनाथने पान उलटून पाहिलं. 'लिव्हलं न्हाई. जेलात व्हता तर सरकारासंगंच की.'

तो काही वाईट माणूस नाही. त्याने स्वतःच्या जमिनीचा राजीनामा दोनदा केला होता, दोन्हीही तूच लिहून दिलेले. गयामावशी उठून घरी गेली. पुढची पानं कुणी ऐकली नाहीत. दोन महिने आधी सुटलास ते का, हे आता गावाला वेगळं सांगायची गरज उरली नाही. छातीचं दुखणं वगैरे सगळं बहाणा ठरलं.

तू सांगून पाहिलंस. पुण्याकडे राजीनामा म्हणजे इस्तिफाच, असं तू पारावर उभा राहून सांगितलंस. लोक खाली बघून ऐकत राहिले. उभा जन्म कचेरीत राजीनामे लिहिणारा वकील राजीनामा म्हणजे राजीनामा नव्हे म्हणतो, यावर कोण विश्वास ठेवणार? समितीकडे तुझी मूळ चिठ्ठी होती. ती दाखवली असती तर प्रश्न मिटला असता. पण त्या चिठ्ठीत सत्याग्रह थांबवणाऱ्यांना तू काय काय म्हटलं होतंस ते चिटणिसांना चांगलं आठवत होतं. चिठ्ठी गहाळ झाली, असं त्यांनी सांगितलं. उलट बैठकीत तुलाच विचारलं, हस्तलिखित कुणाच्या हातचं होतं, मधे कुणी फेरफार केला का. तू म्हणालास, सगळं माझ्या हातचं. हे माझ्या कानावर आलं तेव्हा मी काय केलं असेल? सुटकेचा श्वास सोडला, किसन. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं. हे लिहिताना स्वतःची किळस येते, पण लागलं.

आणि तो अमीन. त्याने ही संधी बरोबर हेरली. तुला धरायचं त्याने सोडून दिलं आणि भर बाजारात तुला सलाम करायला लागला. लांबून, मोठ्याने, 'आदाब अर्ज है वकीलसाब' म्हणून. तू तोंड फिरवलंस की लोक म्हणायचे, बघा, चारचौघांत ओळख दाखवत न्हाई. दुसऱ्या कुठल्याही शिक्षेने तू एवढा वाकला नव्हतास.

त्या पोळ्यानंतर आपण दोघे गयामावशीकडे गेलो. तुझ्या अंगात ताप होता, म्हणून छकडा केला होता. दार उघडं होतं. ती आत दिसत होती, ज्वारी निवडत बसलेली. तू हाक मारलीस. तिने वर पाहिलं नाही. 'मावशी, मी किसन,' तू पुन्हा म्हणालास. ती तशीच ज्वारी निवडत राहिली. आपल्याकडे दारात दुश्मन आला तरी आधी पाणी विचारतात. आपण अंगणात किती वेळ उभे होतो कोण जाणे. ऊन डोक्यावर आलं तेव्हा तू वळलास.

जाताना बारवेपाशी तू छकडा थांबवलास. तहान लागली म्हणालास. भिंतीला धरून एकेक पायरी उतरलास, ओंजळीने पाणी प्यालास आणि खोकल्याची उबळ आली तसा पायरीवरच बसलास. मी तुझी पाठ चोळत होतो. उबळ थांबल्यावर, माझ्याकडे न बघता, तू विचारलंस.

'मास्तर, त्या एक्कावन्न पानावर मी इस्तिफा लिव्हलं व्हतं असं मला वाटायलंय. तुला काय याद हाय का?'

मी म्हणालो, 'नाही. तू राजीनामाच लिहिलं होतंस. मी होतं तसंच उतरवलं.'

पाण्यात एक कासव वर आलं होतं, ते तू बघत राहिलास. मग म्हणालास, 'असंल. ताप व्हता तवा मला.'

सबबसुद्धा तूच पुरवलीस. मी ती मुकाट्याने घेतली. मूळ कागद जळले होते, तुझ्या-माझ्याखेरीज कुणाला काही कळण्याचा संभव नव्हता, आणि तुला ताप होता. मी स्वतःला बजावलं की एका शब्दाने काय होतं, लोक विसरतील. मराठीचा मास्तर, आणि एका शब्दाने काय होतं म्हणतो.

लोक विसरले नाहीत. तू कचेरीत जाणं सोडलंस, किंवा पक्षकार यायचे बंद झाले म्हणून सुटलं, आधी काय झालं ते मला सांगता येणार नाही. ओसरीवर पूर्वी जोड्यांचा ढीग असायचा. पुढेपुढे माझाच एक जोड. मी रोज येत होतो ते प्रेमाने येत होतो की पहारा ठेवायला, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही. तू मात्र रोज माझी वाट बघायचास. उशीर झाला तर वहिनींना म्हणायचास, मास्तरला क्षुधा लागली असंल, जेवून येतोय वाटतं.

तुला न्यायला वालूरहून दोघं आले. तुझा मोठा भाऊ आणि जगनाथ. ज्या बाजारात तुझ्या सभेला उभं राहायला जागा नव्हती त्याच बाजारातून तुला नेलं, आणि दुकानं उघडी होती. खांदा द्यायला माणसं कमी पडली म्हणून मी शेवटपर्यंत खांदा बदलला नाही. लोकांनी म्हटलं, मास्तराची माया बघा.

तेरावं झाल्यावर परवा मी वहिनींकडे गेलो. त्यांनी फळीवरून तुझं पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं. 'भावजी, हे तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या म्हनले व्हते.' तुझी स्वतःची प्रत. मी एक्कावन्नावं पान उघडलं. राजीनामा या शब्दावर एक सरळ रेघ होती आणि वर तुझ्या त्या वाकड्या अक्षरात इस्तिफा लिहिलेलं होतं. शाई जुनी, तपकिरी पडलेली. मी विचारलं, हे कधी खोडलं.

'गोधडी उसवली त्याच दिशी. पयलं बुक मी त्यांच्याच हातात दिलं. वाचता वाचता थांबले आन् दौत मागितली.'

म्हणजे गावात वाचलं जायच्या आधी. साप्ताहिकातलं कौतुक मी तुला वाचून दाखवायच्या आधी. बारवेवर तर तू मला विचारत नव्हतासच. बोलायची एक संधी देत होतास.

'मग त्यानं सांगितलं का नाही कुणाला?'

वहिनी सरळ माझ्याकडे बघत होत्या. 'मी धा बार म्हनलं, सांगा म्हनून. तर म्हनले, उतरवलं कुनी ते इचारतील. मास्तरचं नाव निगालं की अमीन त्याच्या दारात. चार लेकरं हायती त्याला. आपला काय, आपला जीव कितीक दिसाचा हाय.'

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चहा टाकला आणि साखर किती म्हणून विचारलं.

तुझा राग येतो मला, किसन. हे कसलं तुझं मोठेपण? मला न विचारता तू माझी नोकरी वाचवलीस आणि त्याच्यावर स्वतःचं नाव उधळलंस. एकदा माझं मानगूट धरून विचारलं असतंस तर मी कबूल केलं असतं. केलं असतं का? तू वकील होतास, साक्षीदार कितपत टिकेल हे तुला बघताक्षणी कळायचं. माझंही कळलं असेल. मी टिकलो नसतो, म्हणून तू मला पिंजऱ्यात उभंच केलं नाहीस. माणसाने माणसावर इतकं प्रेम करू नये, आणि केलं तर त्याला ते कळू देऊ नये.

काल शाळेत जाऊन हेडमास्तरसाहेबांपुढे कागद ठेवला. बऱ्याच वर्षांनी उर्दूत लिहिला. माझं उर्दू अक्षर अजून शाळकरी पोराचंच आहे. वर ठळक लिहिलं, इस्तिफा. साहेबांनी तेवढा शब्द वाचून चष्मा काढून ठेवला आणि पुढचं वाचलंच नाही. या शब्दाचं असंच आहे. कुनासंगं, असं त्याला कुणी विचारत नाही. घरी सांगितलं तेव्हा बायको लेकरांकडे बघत राहिली. हा लेख मी पुण्याच्या त्याच साप्ताहिकाला पाठवतोय, खाली माझं पूर्ण नाव घालून, आणि यातला एकही शब्द बदलू नये अशी विनंती करून.

आज सकाळी वालूरला गेलो. आधी पारावर जगनाथला आणि बसलेल्या माणसांना सांगितलं. जगनाथने टोपी काढून हातात घेतली आणि कितीतरी वेळ तिची घडी घालत, उलगडत बसला. आता सांगून काय करता मास्तर, असं कुणीतरी मागून बोललं. तिथून गयामावशीकडे गेलो. ती अंगणात सुपात डाळ पाखडत होती. मी उभ्यानेच बोललो. किसनने सरकारला काही लिहून दिलं नव्हतं, माणिक गेला म्हणून त्याने समिती सोडली होती, आणि पुस्तकातला तो शब्द माझा होता.

सूप थांबलं. 'म्हंजी माज्या माणिकच्या माघारी त्यानं सही केली न्हवती.'

'नाही, मावशी.'

'आन् हे तुला ठावं व्हतं.'

'होय.'

'तवा तू बी व्हतास की त्याच्यासंगं. हितंच उभा व्हतास.'

'होतो.'

तिने सूप मांडीवरून खाली ठेवलं. डाळीतला एक खडा उचलून बाजूला टाकला. मग म्हणाली, 'दोन साल. दोन साल मी त्याला घोटभर पानी पाजलं न्हाई, मास्तर.'

ती उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं. मी थोडा वेळ थांबलो. त्या घरातून आजवर कुणी पाण्याशिवाय परतलेलं नव्हतं, एक तू सोडून. मलाही तिने पाणी विचारलं नाही. बरोबर केलं.

बारवेपाशी आलो तेव्हा ऊन चढलं होतं आणि घसा कोरडा पडला होता. वरून पाणी दिसत होतं. तू बसला होतास ती पायरी दिसत होती. मी उतरलो नाही. तसाच चालत सेलूला आलो, आणि आल्या आल्या हे लिहायला बसलो.